भिंतीवर पोट भरतं का?

मागच्या महिन्यात याच पानावर ग्राफिटीबद्दल, म्हणजे भिंतींवर रंगाने नावं आणि चित्रं काढण्याबद्दल, थोडंसं लिहिलं होतं आणि खाली म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर कळवा, तर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही, बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती म्हणून त्यातली सहा निवडलीत. मी स्वतः सोळा वर्षं भिंती रंगवतेय, पहिली चार वर्षं बिनपरवानगी आणि त्यानंतर सगळं परवानगी घेऊन, त्यामुळे जे सांगतेय ते दोन्हीकडून बघून सांगतेय.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे. तीन वर्षं रात्री भिंतींवर एकच नाव लिहितोय, अक्षरं आता बऱ्यापैकी बसलीत, लोक फोटो काढतात. आता एका जिमवाल्याने आतली मोठी भिंत रंगवायला बोलावलंय, पैसे पण देतोय. क्रूमधली, म्हणजे आमच्या रंगवणाऱ्या टोळीतली, पोरं म्हणतात तू विकला गेलास. यातून खरंच करिअर होतं का, की ते दोन-चार जणांचं नशीब असतं?

जिमची भिंत घे. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

'विकला गेलास' हे कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराला पण ऐकून घ्यावं लागलं होतं. न्यूयॉर्कच्या सबवेत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटवलेला असायचा, त्यावर हा पांढऱ्या खडूने चित्रं काढायचा, १९८० ते १९८५, गाडी यायच्या आत काढून मोकळा. पोलिसांनी बऱ्याचदा पकडलं पण. खडू का, तर रेघ एकदा ओढली की ओढली, वाळायची वाट बघायला नको आणि खोडाखोडीचा प्रश्नच नाही, त्यामुळे हात असा तयार झाला की चित्र एका दमात पूर्ण. रोज कामावर जाणाऱ्या माणसांनी ती रांगणारी बाळं आणि भुंकणारी कुत्री इतक्या वेळा बघितली की कुणी काढलंय हे माहीत नसतानाही चित्र ओळखीचं झालं. मग १९८६ मध्ये त्याने पॉप शॉप नावाचं दुकान काढलं, टीशर्ट, बिल्ले, पोस्टर, आणि कलेच्या जगातले बरेच लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याला मात्र फक्त कलेक्टर लोक नको होते, गल्लीतल्या पोरांना पण त्याचं काहीतरी विकत घेता यावं असं वाटत होतं. आणि त्याच वर्षी, म्हणजे दुकान उघडलं त्याच वर्षी, त्याने हार्लेममधल्या हँडबॉल कोर्टाच्या भिंतीवर 'क्रॅक इज वॅक' हे ड्रग्जच्या विरोधातलं चित्र काढलं, परवानगी न घेता, त्याबद्दल दंड पण झाला, आणि नंतर तेच चित्र शहराच्या संमतीने त्याने परत काढलं, ते आजही तिथे आहे. दुकान आणि रस्ता एकाच माणसाचे, एकाच वर्षातले. तुझ्या क्रूला हे नक्की सांग.

आता नशिबाचं. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने टाकी १८३ वर बातमी छापली. हा ग्रीक घरातला पोरगा, डिमिट्रियस त्याचं नाव, टाकी हे घरचं लाडाचं नाव आणि १८३ म्हणजे तो राहायचा त्या रस्त्याचा नंबर. निरोप-पार्सल पोचवायचं काम करायचा, शहरभर पायी फिरायचा, आणि जिथे जाईल तिथे मार्करने नाव लिहायचा. अक्षर काही विशेष नव्हतं. पण जिकडे बघावं तिकडे टाकी. बातमीनंतर शेकडो पोरं लिहायला लागली, आणि मग नुसतं सगळीकडे असणं पुरेना, वेगळं दिसावं लागलं. तिथून अक्षरं फुगली, एकमेकांत गुंतली, ज्याला वाइल्डस्टाइल म्हणतात ती शैली आली. तुझी तीन वर्षं टाकीवाली झाली असं समज, म्हणजे नाव दिसलंय. पुढचं काम वेगळंय.

त्याची एक परीक्षा मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या सगळ्यांना देते. तुझ्या कामाचा फोटो घे, नाव झाकून टाक, आणि ज्याने तुझी दोन-तीनच कामं बघितलीत अशा माणसाला विचार की हे कुणाचं. ओळखलं तर तुझ्याकडे विकण्यासारखं काहीतरी आहे, नाही ओळखलं तर अजून रंग लावतोयस एवढंच. ब्राझीलचे ओस जेमेओस, साव पावलोचे जुळे भाऊ, त्यांची पिवळ्या कातडीची, बारीक हातापायांची माणसं कुठल्याही देशातल्या भिंतीवर दिसली तरी चटकन कळतात. सुरुवातीला त्यांच्याकडे चांगले स्प्रे कॅन नव्हते, महाग पडायचे, म्हणून घराला लावायचा लॅटेक्स रंग आणि रोलर वापरला, आणि तीच त्यांची खूण झाली. २००८ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या बाहेरच्या भिंतीवर ज्या थोड्या जणांना बोलावलं त्यात हे दोघं होते. कमी सामानातून हात कसा घडतो ते यात दिसतं.

तू पाठवलेल्या फोटोत सगळी अक्षरं रोमन आहेत. देवनागरी का नाही करत, मला खरंच कळत नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी राहतात, त्यांना एकत्र बांधायला बाण, वेलांट्या काय काय जोडावं लागतं, आणि आपल्याकडे शिरोरेषा आयतीच आहे! ती जाड कर, वाकव, मध्येच तोड, तिच्यावरून रंगाचे ओघळ सोड, अख्खा पीस, म्हणजे अक्षरांचं पूर्ण चित्र, तिला टांगून ठेवता येतो. वेलांटी वर झेप घेते, उकार खाली लोंबतो, भिंतीची उंची आपोआप वापरली जाते. फक्त 'र' घे आणि वहीत शंभर वेळा काढ, रफार, पायातला र, 'ऱ्य'मधला पापणीसारखा र, एकाच अक्षराची एवढी रूपं. माझा स्वतःचा हात मला तिथेच सापडला, वहीच्या साधारण साठाव्या पानावर, 'क्र'ची तिरकी रेघ शिरोरेषेच्या वर नेऊन बघितली तेव्हा.

जिमच्या भिंतीबद्दल अजून थोडं, कारण तुला वाटतंय तेवढं ते सोपं नाहीये. रात्रीचं काम वेगावर चालतं, मनात आलं ते उमटलं आणि आपण पसार. तिथे दिवसा काम करायचंय, मागे लोक उभे राहणार, मालक म्हणणार हा हात जरा मोठा करा, चार दिवसात संपवायचं म्हणजे चार दिवसात. पाच मीटर उंच भिंतीवर स्केच जसंच्या तसं चढवायचं कसं हे पण पहिल्यांदाच करशील. चौकटी आखत बसू नकोस, भिंतीवर फिक्या रंगाने वाटेल तशा खुणा कर, गोल, फुली, गिरगोट्या, अक्षरं, सगळीकडे वेगवेगळ्या, मग लांबून सरळ फोटो काढ, मोबाइलमध्ये त्या फोटोवर तुझं स्केच अर्धपारदर्शक करून ठेव. आता नाकाचं टोक कुठल्या फुलीच्या बाजूला येतं ते स्क्रीनवर दिसतं आणि तिथे तू रेघ मारतोस. भलीमोठी म्युरल, म्हणजे भिंतीभर चित्रं, अशीच चढतात, खुणा नंतर रंगाखाली जातात.

आणि हो, घाई नको. बास्किया हा न्यूयॉर्कचा चित्रकार, मित्राबरोबर 'सेमो' नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्यं लिहायचा, १९७८ च्या सुमाराला, चारच वर्षांत म्हणजे १९८२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात होता, वय २१, आणि १९८८ मध्ये २७ व्या वर्षी ड्रग्जने गेला. २०१७ मध्ये त्याचं १९८२ चं एक चित्र ११ कोटी डॉलरच्या वर गेलं, ती बातमी दाखवून पोरं मला म्हणतात बघा ताई केवढा पैसा आहे यात. तो पैसा त्याला मिळाला नाही रे, त्याला जाऊन जवळजवळ २९ वर्षं झाली होती. मी ओळखते त्यातले जे लोक यावर घर चालवतात त्यांचं थोडं म्युरलमधून येतं, थोडं दुकानांच्या पाट्यांमधून, थोडं प्रिंट विकून, थोडं मुलांना शिकवून, कधी एखादा फेस्टिव्हल, आणि पहिली काही वर्षं जोडीला नोकरी. नोकरी सोडायची घाई करू नको, पण महिन्याला एक भिंत अशी ठेव जिचे पैसे कुणी देत नाही आणि जिथे कुणी काही सांगत नाही. परवानगीवाली असू दे, पण तुझी असू दे. लोक तुला बोलावतात ते त्याच भिंती बघून, जिमची भिंत बघून पुढची जिमचीच भिंत मिळते.

प्रश्न : चेहरा लपवून, टोपणनावानेच करिअर करता येईल का? बँक्सीला जमलं मग आपल्याला का नाही?

जमेल, पण बँक्सीचं, म्हणजे स्वतः कोण हे न सांगता भिंती रंगवणाऱ्या त्या इंग्लंडच्या आर्टिस्टचं, कसं जमलं ते नीट बघा. त्याच्या नावाने पेस्ट कंट्रोल नावाचं एक ऑफिस चालतं, चित्र खरंच त्याचं आहे की नाही याचं सर्टिफिकेट तेच देतं, खरेदी करणारे त्या कागदाशिवाय हात लावत नाहीत. २०१८ मध्ये लिलावात विकल्या विकल्या त्याचं फुगेवाल्या मुलीचं चित्र फ्रेममधल्या कटरने अर्धं कापलं गेलं, साधारण १० लाख पौंडांना विकलं होतं, आणि तेच कापलेलं चित्र २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेलं. हे सगळं सांभाळायला मागे बरीच माणसं लागतात, एकटा माणूस चेहरा लपवून हे करत नाही.

लपण्याची किंमत पण असते. त्याच्या फुलं फेकणाऱ्या माणसाच्या चित्राचा युरोपातला ट्रेडमार्क २०२० मध्ये रद्द झाला, एका ग्रीटिंग कार्डवाल्या कंपनीने आक्षेप घेतला होता, आणि निकालात हा पण मुद्दा होता की जो माणूस कोण हेच कळत नाही त्याची मालकी पक्की ठरवायची कशी. बँक्सीची ही गत, तर आपण काय!

माझं मत विचाराल तर भिंतीवर टोपणनाव आणि कागदावर खरं नाव. बिल, बँक खातं, करार, इथे खरं नाव लागणारच. चेहरा दाखवायचा का नाही ते तुमच्यावर, मास्क घालूनच काम करायचं असतं त्यामुळे फोटोत तसाही अर्धा चेहरा झाकलेला येतो. पण एक काळजी घ्या, ज्या नावाने रात्री बिनपरवानगी लिहिलंय तेच नाव धंद्याला लावलं तर जुनी प्रत्येक भिंत तुमच्या दाराशी येऊ शकते. शेपर्ड फेअरी, १९८९ मध्ये कॉलेजात असताना आंद्रे द जायंट या पैलवानाचं स्टिकर काढून ज्याने सुरुवात केली आणि पुढे २००८ मध्ये ओबामांचं 'होप' पोस्टर केलं तो, २००९ मध्ये बॉस्टनला स्वतःच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला निघाला होता आणि वाटेत अटक झाली, कारण शहरातल्या भिंतींवर लावलेली त्याची चित्रं. आत लोक वाट बघतायत आणि बाहेर हे.

प्रश्न : एका संस्थेच्या कंपाउंडवर परवानगी घेऊन मी मोठं चित्र केलं, तीन आठवडे लागले. दोन वर्षांनी न सांगता त्यावर पांढरा रंग फासला. त्याआधी एका कपड्यांच्या ब्रँडने त्याच्यासमोर मॉडेल उभे करून जाहिरात शूट केली, माझं नाव पण नाही. काही करता येतं का?

तुमचं पत्र वाचून जीव तुटला, कारण पांढऱ्या रंगाखालून आपल्याच चित्राची कड पुसट दिसत असते आणि रोज तिथून जावं लागतं, हे मला माहीत आहे.

भिंत त्यांची आणि चित्र तुमचं, या दोन वेगळ्या मालक्या आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. भिंतीच्या मालकाला भिंत रंगवायचा हक्क कितपत आहे हे देशादेशाच्या कायद्यावर आणि तुम्ही काय लिहून घेतलंय त्यावर ठरतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं फाइव्ह पॉइंट्झ म्हणजे जुन्या कारखान्याची इमारत, मालकाच्या परवानगीने तिथे वर्षानुवर्षं जगभरचे लोक रंगवायचे, २००२ पासून मेरेस वन नावाचा आर्टिस्ट कुणाला कुठली भिंत द्यायची ते बघायचा. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला, तिथे टॉवर बांधायचे होते. आर्टिस्ट कोर्टात गेले, अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे की नाव झालेल्या कलाकृतीचा कलाकाराला न विचारता नाश करता येत नाही, आणि काढायचीच असेल तर ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. २०१८ मध्ये निकाल लागला, ४५ कामांसाठी २१ आर्टिस्टना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर, आणि २०२० मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम ठेवला. केस उभी राहिली ती मुख्यतः दोन गोष्टींवर, काम परवानगीने झालं होतं आणि प्रत्येक कामाचे फोटो, नोंदी जपलेल्या होत्या. तुमच्याकडे परवानगीचं पत्र आहे म्हणताय, ते आणि फोटो घेऊन कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा, तुम्हाला कुठला कायदा लागू होतो ते तोच सांगेल.

जाहिरातीचा मुद्दा मला तर जास्त मजबूत वाटतो. २०१८ मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका भिंतीसमोर शूट केलं होतं, चित्र रिव्होक नावाच्या आर्टिस्टचं. त्याने नोटीस पाठवली, तर कंपनी उलट कोर्टात गेली की चित्र बेकायदा काढलेलं आहे त्यामुळे त्यावर हक्कच नाही. जगभरचे आर्टिस्ट इतके भडकले की थोड्याच दिवसांत कंपनीने केस मागे घेतली. तुमचं चित्र तर परवानगीचं होतं. ब्रँडला शांतपणे लेखी पत्र पाठवा, सोबत काम चालू असतानाचे फोटो, तारखा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आणि नाव तसंच मानधन दोन्ही मागा. शिव्या घालणारी पोस्ट आधी टाकू नका.

हे आपल्यालाही लागू आहे बरं का. नेटवरचा कुणाचा तरी फोटो उचलून आपण पोर्ट्रेट करतो तेव्हा त्या फोटोवाल्याला पण तसंच वाटतं. वर म्हटलेल्या 'होप' पोस्टरचा मूळ फोटो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या फोटोग्राफरचा होता, भांडण कोर्टात गेलं, २०११ मध्ये तडजोड झाली, पण पुरावे लपवल्याबद्दल आणि खोटे तयार केल्याबद्दल फेअरीला २०१२ मध्ये वेगळी शिक्षा झाली, प्रोबेशन आणि २५ हजार डॉलर दंड. फोटो स्वतः काढा नाहीतर विचारून घ्या.

पुढच्या वेळी रंगाचा डबा उघडायच्या आधी एक पानभर लिहून सही घ्या. चित्र किमान किती वर्षं राहील, पुसायचं झालं तर किती दिवस आधी कुणी कुणाला कळवायचं, फोटो धंद्यासाठी कोण वापरू शकतं, कोपऱ्यात नाव किती मोठं, परांचीचा खर्च कुणाचा, पैसे किती टप्प्यांत. मी निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय प्राइमर लावत नाही. आणि काम संपलं की भर उजेडात समोरून सरळ फोटो काढा, एक माणूस बाजूला उभा करून, म्हणजे उंची कळते.

तरी एक सांगते. इटलीतल्या बोलोन्यात ब्लू नावाच्या आर्टिस्टने २०१६ मध्ये स्वतःचीच, वीस वर्षांतली सगळी चित्रं राखाडी रंगाने पुसून टाकली, कारण रस्त्यावरची चित्रं भिंतीसकट काढून तिकीट लावलेल्या प्रदर्शनात मांडायला सुरुवात झाली होती आणि ते त्याला मान्य नव्हतं. चित्र त्याचं होतं म्हणून पुसायचा निर्णयही त्याने घेतला, तुम्हाला कुणी विचारलं सुद्धा नाही, आणि तुमचा राग याच गोष्टीचा आहे ना.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा. रात्री शटरवर स्प्रे मारताना पकडला गेला, समज देऊन सोडलं. घरात रोज वाद. ह्यांनी त्याच्या वह्या फाडल्या. मी काय करू?

ताई, वह्या फाडायला नको होत्या. झालं ते झालं, पण एक नवीन जाड वही तुम्ही स्वतः आणून द्या, बिनरेघांची. या लोकांत तिला ब्लॅक बुक म्हणतात, पोरं जिवापाड जपतात, त्यात त्याची सगळी मेहनत होती.

लाड करा असं मी म्हणत नाहीये हं. मी वीस वर्षांची असताना एका दुकानाच्या शटरवर चार मिनिटांत नाव लिहिलं होतं आणि सापडले. मालकाने पोलिसांना बोलावलं नाही, म्हणाला जसं होतं तसं करून दे. थिनरने पुसायला गेले तर खालचा मूळ रंग पण निघून आला, पट्ट्या पट्ट्यांच्या खाचांत रंग बसलेला, शेवटी पूर्ण शटर घासून दोन हात रंग द्यावा लागला, दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस त्या माणसाचं दुकान अर्धवट उघडं होतं. तो एका शब्दाने रागावला नाही, फक्त मधूनमधून बाहेर येऊन बघायचा. त्यानंतर मी कुणाच्या पोटाच्या जागेवर कधी हात लावला नाही. तुमच्या मुलालाही घेऊन जा, त्याच्या बाबांनी बरोबर गेलं तर फारच छान, आणि ते शटर त्याच्या हाताने नीट करून द्या.

आणि त्याला धोका कशात आहे ते स्पष्ट सांगा. रेल्वेचे रूळ, यार्ड, उंच पॅरापेट, विजेच्या तारा, या नादात जीव गेलेत पोरांचे. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवे स्टेशनवर मायकेल स्ट्युअर्ट नावाच्या २५ वर्षांच्या मुलाला भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडलं, त्याच रात्री त्याला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात नेलं आणि तो परत शुद्धीवर आला नाही. बास्कियाने त्याच्यावर चित्र केलं, तो हादरून गेला होता, की हे माझ्याबाबतीत पण होऊ शकलं असतं. अंधारात हातात कॅन घेऊन पळणारं पोर समोरच्याला कोण वाटेल हे पोराच्या हातात नसतं ताई. म्हणून त्याला उजेडातली भिंत मिळवून द्या, शाळा, क्लब, ओळखीच्या कुणाचं गोडाऊन, महिन्याला एक मिळाली तरी रात्री बाहेर पडायची ओढ कमी होते, माझी झाली होती.

प्रश्न : मुलींना यात जागा आहे का? मी १९ वर्षांची आहे, सगळे ग्रुप मुलांचेच दिसतात.

आहे. लेडी पिंक, इक्वेडोरमध्ये जन्मली, न्यूयॉर्कमध्ये वाढली, १९७९ मध्ये १५ व्या वर्षी लिहायला लागली. जो मुलगा तिला आवडायचा त्याला ग्राफिटीमुळे अटक झाली आणि घरच्यांनी लांब पाठवून दिलं, म्हणून ती त्याचं नाव भिंतींवर लिहीत सुटली, सुरुवात अशी. मुलं म्हणायची की हिचं काम दुसरं कुणीतरी करून देतं, तर ती रेल्वेच्या यार्डात जाऊन गाडीचे आख्खे डबे रंगवून आली. आज तिची चित्रं मोठ्या म्युझियमच्या संग्रहात आहेत. तू यार्डात बिलकूल जायचं नाहीस, पण 'कुणीतरी करून देतं' हे तुलाही ऐकायला मिळणार, मला अजूनही मिळतं, त्यावर माझा उपाय म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा टाइमलॅप्स व्हिडिओ. दोन मुली मिळाल्या तर तिघींचा क्रू होतो, मिळेपर्यंत थांबू नकोस.

प्रश्न : स्प्रे मारला की डोकं दुखतं, आणि माझी भिंत दोन महिन्यांत पोपडे धरते. रंग चुकीचा आहे का?

रंगाचा दोष कमी, बाकीचाच जास्त. डोकं दुखतं म्हणजे वाफ आत जातेय. कापडी किंवा धुळीचा मास्क लावत असशील तर तो फक्त कण अडवतो, वाफ त्यातून सरळ येते. दोन्ही गालांवर गोल डब्या असलेला रेस्पिरेटर घे, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला, वर कणांसाठी फिल्टर, आणि मास्क लावूनही वास यायला लागला की डबी बदलायची, ती कायमची नसते. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही हे पण बघ. खोलीत काम असेल तर दारं-खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून.

कॅन दोन मिनिटं तरी हलव, आतली गोळी वाजत राहिली पाहिजे. बारीक रेघेला बोटभर अंतर आणि हात चटकन फिरवायचा, हळू फिरवलास की ओघळ. मऊ छटेला एक हात लांब. काम झालं की कॅन उलटा करून नुसती हवा येईपर्यंत दाब म्हणजे कॅप, वरचं दाबायचं टोक, बुजत नाही.

भिंतीचं म्हणशील तर चुन्यावर किंवा सुटलेल्या जुन्या रंगावर काहीच टिकत नाही. चिकटपट्टी दाबून लाव आणि झटक्यात ओढ, पट्टीला पांढरी पावडर किंवा कपच्या लागल्या तर तारेच्या ब्रशने खरवड, धू, पूर्ण वाळू दे, मग प्राइमर. ओल आहे का ते बघायला जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून भिंतीला चिकटव आणि रात्रभर सोड. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीच्या आतून येतंय, तेव्हा रंगाला हात लावू नको, प्लास्टिकचा फोटो काढून मालकाला पाठव, आधी गळती बंद करून घ्यायला सांग आणि तारीख पुढे ढकल.